तान्ह्या पोळ्याआधी थिमेट घराबाहेर काढा

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, जिथे कुठे ओसरीत निशिगंधाच्या आणि लिलीच्या कुंड्या मांडल्या आहेत, त्या प्रत्येक घराला ही शेवटची ताकीद. कुंडीवर घोंगावणारी काळी चिलटं मारायला बांधीतलं औषध घरात आणणं आजपासून बंद.

कोणतं औषध, ते विचारू नका. फळीवर जुन्या डब्यात दडवलेले ते दाणे, पुड्यावर फोरेट आणि तोंडी थिमेट. गादमाशीसाठी ते वर्षानुवर्षं धानात पडलं. तिची अळी कोंबात शिरली की लोंबीऐवजी चंदेरी पोंगा निघतो, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. कुंडीतलं चिलट तिचंच लांबचं भाऊबंद, म्हणून जे तिला चाललं ते यालाही चालेल, असा हिशेब लोक करतात. पण केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटची विक्री आणि वापर दोन्ही बंद आहेत. फवारायचं डायक्लोरव्हॉसही त्याच यादीत आहे. ‘घरात उरलं होतं’ ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

फोरेट कातडीतून अंगात भिनतं. मुळांवाटे पानाफुलांत चढतं, आणि तीच निशिगंधाची फुलं तुम्ही देवाला वाहता, वेणीत माळता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ती मोकळ्या रानात होती. तुमच्या कुंडीची माती ओसरीत रांगणाऱ्या लेकराच्या हाताशी आहे. हे विष अंगात जाऊन कुणाला घाम फुटला, लाळ गळू लागली, बाहुल्या बारीक झाल्या, धाप लागली, तर मीठपाणी पाजून ओकवत बसू नका. पुडा घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या चिलटांचा गुन्हा पाहू. ती चावत नाहीत. ओल्या मातीतली बुरशी खाऊन त्यांच्या पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या अळ्या वाढतात. फार माजल्या तर कोवळी मुळं कुरतडतात आणि कंद सडायला वाट मिळते. पण ती बुरशी पोसली कुणी? भर पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ तांब्या रिकामा करणाऱ्यांनी. चहाचा चोथा आणि दुधाच्या भांड्याचं धुवण कुंडीत ओतणाऱ्यांनी. फुटबॉल लिली मे-जूनमध्ये फुलते, हिवाळ्यात पानं टाकून झोपते. तेव्हा तिला पाणी जवळजवळ नकोच असतं. तरी लोक ओततात, आणि वर विचारतात की कंद कुजला कसा!

पाणी थांबवा. वरची दोन बोटं माती खडखडीत वाळू द्या, मगच घाला. कुंडीत पिवळा चिकट सापळा खोचा. अळ्या आहेत की नाहीत ते पाहायचं असेल तर बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटा. फारच झाल्या असतील तर डासांच्या अळ्यांवर वापरतात ते बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध पाण्यातून द्या. अंड्यापासून माशी व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत कंटाळून पुन्हा डब्याकडे हात नेऊ नका. आणि कुंडीखालची ताटली दर आठवड्याला घासून कोरडी करा. तिथे जे वाढतात ते डास, आणि ते डेंग्यू आणतात.

पुडा बोडीत, नाल्यात किंवा वैनगंगेत फेकाल तर तो दुसरा गुन्हा. जाळायचाही नाही. हातमोजे घालून, मूळ पुड्यासकट बंद डब्यात, कुलपात ठेवा आणि विल्हेवाट कशी लावायची ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. विष घातलेली माती सांबाराच्या वाफ्यात टाकू नका.

मुदत तान्ह्या पोळ्यापर्यंत. त्या दिवशी लेकरं लाकडी नंदी घेऊन दारोदार येतील, तुमच्या कुंड्यांशेजारी उभी राहून बोजारा मागतील. ज्या ओसरीत तोवर दाणे असतील, त्या दारात आमच्या गल्लीचा एकही नंदी थांबणार नाही, आणि पुढच्या हंगामात त्या घराला माझ्या वाफ्यातला निशिगंधाचा एक कंदही मिळणार नाही. अजूनही कुणी दुकानदार हे दाणे कागदात बांधून देत असेल, तर त्या पुडीसकट तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार जाईल, आणि तिच्यावर पहिली सही माझी असेल.