चावी मुलाच्या हाती, नोंदणी वडिलांच्या नावे

इतवारी, गांधीबाग, महाल या जुन्या नागपुरातील गल्ल्या इतक्या अरुंद, की तेथे वाहनाला वेग घेण्यास वावच मिळत नाही. हातगाड्या, मालाचे टेम्पो आणि दुकानांपुढे उभ्या असलेल्या गाड्या यांतून वाट काढणे हेच तेथील कसब. पुढे अनेक कुटुंबांनी पेढी तेथेच ठेवली आणि बिऱ्हाड वर्धमाननगरात किंवा शहराच्या चहूबाजूंस वसलेल्या लेआउटमध्ये हलविले. तेथील रस्ते रुंद आणि सरळ. गेल्या काही वर्षांत त्यांतील अनेकांवर सिमेंट काँक्रीट आले. खड्डे गेले ही सोय झाली. पण रस्ता गुळगुळीत झाला, की वेग आपोआप वाढतो, हेही अनुभवास आले.

या वस्त्यांत संध्याकाळचे दृश्य ठरलेले आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून ज्येष्ठ मंडळी शतपावलीस निघतात, मुले फाटकाबाहेर सायकल चालवितात, शिकवणीच्या मुलांची ये-जा असते. त्यातूनच एखादी मोटारसायकल पुढचे चाक उचलून, सायलेन्सरचा स्फोटासारखा आवाज करीत निघून जाते. लोक भिंतीला चिकटतात, दोन शब्द पुटपुटतात आणि पुन्हा चालू लागतात. बाकावर चर्चा होते ती ‘बाहेरच्या पोरांची’. पुष्कळदा तो मुलगा बाहेरचा नसतोच. तो तिसऱ्या घरातील असतो आणि हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी कोणी बोलत नाही. कारण त्याच्या वडिलांशी व्यवहार असतो, सोयरीक असते किंवा उद्या सोसायटीच्या बैठकीत समोरासमोर बसायचे असते.

या मौनाची किंमत काय, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

प्रथम वेगाचा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर मूल आले हे डोळ्यांनी पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी दोन-तीन फाटके ओलांडून गेलेली असते. ताशी ३० किलोमीटर वेगात हेच अंतर आठ मीटरच्या आसपास राहते. ‘माझा हात पक्का आहे’ असे म्हणणाऱ्या तरुणाला हे गणित चुकविता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. बेफाम मुलाच्या घरच्यांनी हा आकडा शेजाऱ्यांच्या नव्हे, आपल्याच मुलाच्या काळजीपोटी वाचावा.

दुसरा हिशेब कायद्याचा. दहावी झाली की सोळाव्या वर्षी परवाना काढून मुलाला स्कूटर देता येते, असा अनेक घरांत समज आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागियर दुचाकीपुरता असतो. घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्या चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मोटारसायकलीचे तर बोलायलाच नको.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९९-अ आले. अल्पवयीनाने वाहनासंबंधी गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलाने गाडी पालकांच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. ‘आम्हाला न सांगता नेली’ किंवा ‘आम्ही पुरती खबरदारी घेतली होती’ हे सिद्ध करण्याचा भार घरच्यांवर असतो. चावी खुंटीवर उघडी लटकत असेल, तर तो भार पेलणे अवघड आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण संगणक अभियंते मरण पावले. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला जामीन मिळाला आणि देशभर संताप उसळला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतर त्याच्या वडिलांना अटक झाली, हेही लक्षात ठेवावे. त्या कोट्यवधींच्या गाडीची कायम नोंदणी केवळ १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे राहिलेली होती, असे परिवहन विभागाने त्या वेळी सांगितले. तेथे मोटार होती आणि येथे मोटारसायकल आहे, एवढ्याने प्रश्न वेगळा होत नाही. अपुऱ्या वयाच्या हाती चावी देणारा हात दोन्हीकडे घरातीलच असतो.

तिसरा हिशेब पैशाचा, आणि व्यापारी कुटुंबांनी तो बारकाईने पाहावा. समजा, तीस वर्षांचा, महिना तीस हजार रुपये मिळविणारा, स्वतःचा लहान व्यवसाय करणारा एक गृहस्थ अशा धडकेत दगावला. मागे आई, पत्नी आणि एक मूल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीने भरपाई अशी निघते : वार्षिक उत्पन्न ३,६०,०००, भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवून ५,०४,०००, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा जाता ३,३६,०००, वयानुसार त्यास १७ ने गुणले, की ५७,१२,००० रुपये. अंत्यसंस्कार इत्यादींची रक्कम आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

‘विमा आहे’ हे यावरील नेहमीचे उत्तर. त्रयस्थाच्या मृत्यूपोटी विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद असते, हे खरे. परंतु चालविणाऱ्याजवळ वैध परवाना नसेल आणि मालकाने ते ठाऊक असून किंवा निष्काळजीपणाने गाडी दिली असेल, तर तो पॉलिसीच्या अटींचा भंग ठरतो. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा कंपनीला पीडितांचे पैसे आधी चुकते करण्यास सांगते आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २००४ च्या निकालापासून ही वाट रुळलेली आहे. वसुलीची ती नोटीस नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे, त्याच्या पत्त्यावर येते. गाडी फर्मच्या नावे असेल, तर फर्मवर. आणि भागीदारीत फर्मचे देणे म्हणजे प्रत्येक भागीदाराचे देणे. मुलगा एका भावाचा असतो, नोटीस चारही भावांना लागते. दुकानातील नोकराला परवाना न पाहता गाडी देणाऱ्यांनी आणि जुनी गाडी विकून नाव न बदलणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक.

आता शेजाऱ्यांनी काय करावे? येथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे रागाच्या भरात रस्त्यावर दोरी बांधणे, दगड लावणे किंवा वर्गणी काढून सिमेंटचा उंच उंचवटा घालणे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळुवार चढ-उताराचा असावा लागतो. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे फलकही हवा. घरगुती उंचवट्यावर बेफाम मुलगा सुटतो. रात्री स्कूटरवरून परतणारी एखादी बाई पडते. गतिरोधक हवा असेल, तर महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे सह्यांचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

दुसरी चूक, मुलाचे चित्रण करून ते मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरविणे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीनाची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय एकदा चारचौघांत मुलाची बेअब्रू झाली, की त्याचे आईवडील ऐकण्याऐवजी बचावास उभे राहतात आणि सुधारण्याची वाट बंद होते. चित्रण असलेच तर ते पोलिसांना द्यावे.

योग्य मार्ग जुनाच आहे. तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक दोन-तीन वेळा लिहून ठेवावा. मग घरातील मोठ्या दोन व्यक्तींनी, मुलगा समोर नसताना, त्याच्या घरी जावे. त्यांत एक तरी स्त्री असावी. आईशी बोलणे अनेकदा अधिक लवकर पोहोचते. ‘तुमच्या मुलाने ताप दिला’ अशी सुरुवात करू नये. ‘भाऊ, तो आमच्याही डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला, त्याचे काही बरेवाईट झाले तर आम्हालाही पाहवणार नाही’ असे म्हणावे. हे खरेच असते, म्हणून ते ऐकले जाते. कलम १९९-अ आणि विम्याची गोष्ट त्यानंतर शांतपणे सांगावी. एकट्याने गेलेल्याशी वैर धरता येते. पाच घरे एक होऊन गेली, तर वैर धरण्यास माणूस उरत नाही.

एवढ्यानेही फरक पडला नाही, तर वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करण्यात संकोच नसावा. प्रत्यक्ष शर्यत किंवा कसरती चालू असतील, तर ११२ क्रमांकावर कळवावे. धोकादायक चालविणे, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे आणि सायलेन्सर बदलून ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आवाज करणे हे तिन्ही स्वतंत्र गुन्हे आहेत. शेवटच्यास कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ठरविलेली आहे. सूचना देऊनही न ऐकणाऱ्याची तक्रार करणे म्हणजे शेजारधर्म मोडणे नव्हे. अपघात होईपर्यंत गप्प राहून नंतर सांत्वनाला जाणे हा शेजारधर्म खचितच नाही.

आणि ज्यांच्या घरी वयात येणारा मुलगा आहे, त्यांनी शेजारी दारात येण्याची वाट पाहू नये. दिवाळीत वहीपूजनासाठी दप्तर आवरले जाते. त्याच दिवशी घरच्या आणि दुकानच्या प्रत्येक वाहनाचे कागद काढून बसावे. नोंदणी कोणाच्या नावे, पॉलिसी कधी संपते, गाडी कोण कोण चालवितो आणि त्यांपैकी कोणाजवळ परवाना आहे, हे एका पानावर लिहावे. ज्याच्या नावापुढे परवान्याचा रकाना रिकामा राहील, त्याला चावी मिळणार नाही, हे त्याच बैठकीत, त्याच्यासमोर सांगावे. मुलगा रुसेल, चार दिवस बोलणार नाही. परवाना मिळेपर्यंत त्याला शिकवणीला सोडण्याचे आणि आणण्याचे काम घरातील कोणीतरी पत्करावे, म्हणजे ‘नाही’ म्हणण्यास अर्थ राहील.