पाच अक्षरे, एकशेवीस क्रम

ओम् हा जैन परंपरेत पंचपरमेष्ठींच्या नामांचा संक्षेप मानला जातो. अरिहंताचा अ, अशरीरी म्हणजे सिद्धाचा अ, आचार्याचा आ, उपाध्यायाचा उ आणि मुनीचा म्. संधी होता होता अ, अ आणि आ मिळून आ, त्यात उ मिळून ओ, शेवटी म्. सिद्धांना येथे ‘अशरीरी’ आणि साधूंना ‘मुनी’ का म्हटले, हे उघड आहे. सि आणि सा ही अक्षरे घेतली असती तर ओम् साधला नसता.

नावे न बदलता आद्याक्षरे घेतली की ‘असिआउसा’ होते. आचार्य नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहात पस्तीस, सोळा, सहा, पाच, चार, दोन आणि एक अक्षरी मंत्रांच्या जपाचा निर्देश आहे. त्यांतील पाच अक्षरी मंत्र हाच. पस्तीस अक्षरी म्हणजे संपूर्ण णमोकार आणि एक अक्षरी म्हणजे ओम्. मोठ्या रकमेची हुंडी करावी तसा हा प्रकार. कागद लहान, मूल्य तेच.

या दोन संक्षेपांत मात्र एक भेद आहे. ओमची अक्षरे जागा बदलू देत नाहीत. उ आधी आणि अ नंतर आला, तर संधीनियमाने ओ न होता व होतो. असिआउसा उलट वाचले तर ‘साउआसिअ’ होते. कानाला विचित्र, पण पाचही परमेष्ठी जागच्या जागी ओळखू येतात. अशा फेरमांडणीचे गणित अनुयोगद्वार सूत्रात आहे. सरळ क्रम तो पूर्वानुपूर्वी, उलटा तो पश्चानुपूर्वी, उरलेले सर्व अनानुपूर्वी. एकापासूनचे अंक परस्परांशी गुणावेत आणि दोन वजा करावेत, हा तेथील नियम. पाच पदांसाठी गुणाकार १२०, म्हणून अनानुपूर्वी ११८.

श्वेतांबर घरांत विशेषतः आढळणारी ‘आनुपूर्वी’ ही लहानशी पुस्तिका याच हिशेबावर उभी आहे. अरिहंत १, सिद्ध २, आचार्य ३, उपाध्याय ४, साधू ५. वीस कोष्टके, प्रत्येकात सहा ओळी. एका कोष्टकात शेवटचे दोन अंक स्थिर राहतात आणि पहिले तीन सहा प्रकारे फिरतात. शेवटच्या दोन जागा वीस प्रकारे भरता येतात. पहिल्या कोष्टकाची अखेरची ओळ ३ २ १ ४ ५ अशी असते. वाचणाऱ्याने तेथे आचार्य, सिद्ध, अरिहंत, उपाध्याय, साधू या क्रमाने वंदन करायचे.

कापडाच्या दुकानात खरेदीची किंमत चिठ्ठीवर अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत व्यापारी कुटुंबांना ठाऊक आहेच. दहा निराळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, प्रत्येक अक्षराला एक अंक द्यायचा आणि तो शब्द घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. तेथे अंक अक्षराआड लपतो. आनुपूर्वीत अंक पदासाठी उभा राहतो आणि त्याची किल्ली कोणापासूनही लपवलेली नसते. गुप्तता हा हेतूच नाही. तोंडपाठ मंत्र जिभेवर चालू असताना मन खुशाल गल्ल्यावर, उधारीवर जाऊन येते. अंक पाहून पद आठवायचे म्हटले की मनाला तशी मोकळीक राहत नाही, कारण पुढचा अंक कोणता हे सवयीने सांगता येत नाही.

म्हणूनच आनुपूर्वी ध्वनिमुद्रण लावून नुसती ऐकण्याची आजची सोय खटकते. श्रवणाचे मोल कमी नाही, आणि अंधूक दृष्टीच्या वडीलधाऱ्यांना तोच आधार आहे. परंतु डोळे धड असलेल्यांसाठी त्यात अंकावरून पदाकडे जाण्याचे काम दुसराच कोणी उरकून टाकतो, आणि पुस्तिका रचली गेली ती नेमकी त्या कामासाठी. नातवंडांना ती हाती दिल्यास पाढ्यांचे पुस्तक समजून ती प्रथम अंकच वाचतात. त्यांना पाच पदांची किल्ली सांगावी आणि एकच कोष्टक करू द्यावे; सहा ओळींना वेळ तो किती लागणार? वीस कोष्टके पुरी झाली की शेवटची ओळ येते ५ ४ ३ २ १, तीच पश्चानुपूर्वी.