सतराव्या वर्षानंतर काय? भारतीय फुटबॉलच्या पुनर्बांधणीचा खरा प्रश्न

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताचा २-१ असा पराभव केला आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेत खेळण्याची भारताची संधी संपुष्टात आली. लालियांझुआला छांगटे याने सुरुवातीलाच गोल करून मिळवून दिलेली आघाडी संघाला टिकवता आली नाही. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ अशी हार पत्करावी लागली. बांगलादेशने भारताला हरवण्याची २००३ नंतरची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नसताना, ३० नोव्हेंबर रोजी अहमदाबाद येथे भारताच्या १७ वर्षांखालील संघाने बलाढ्य इराणला २-१ असे नमवले आणि २०२६ च्या कुमार गटाच्या आशियाई स्पर्धेतील आपले स्थान निश्चित केले.

एकाच महिन्यातील या दोन निकालांमुळे ‘आता कुमारांकडे लक्ष द्या’ ही मागणी पुन्हा जोर धरू लागली. मागणी रास्त असली तरी नवी नाही. आणि कुमारांचे यशही नवे नाही. अहमदाबादच्या संघाचे प्रशिक्षक, गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्याच मार्गदर्शनाखाली २०१८ मध्ये भारताच्या १६ वर्षांखालील संघाने आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. दक्षिण कोरियाने तेथे १-० ने रोखले नसते तर तो संघ विश्वचषकात खेळला असता. त्याच वर्षी स्पेनमधील एका स्पर्धेत २० वर्षांखालील भारतीय संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते! मात्र सात वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, वरिष्ठ संघाला गोल करण्यासाठी निवृत्त झालेल्या चाळीस वर्षांच्या सुनील छेत्री याला परत बोलवावे लागले.

ही मुले जातात कुठे, याचे उत्तर २०१७ च्या संघाच्या वाटचालीत सापडते. त्या वर्षी भारताने १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भूषवले. नवी मुंबई आणि मडगावसह सहा शहरांत सामने झाले. भारताने तिन्ही साखळी सामने गमावले. तरी कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंग याने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकात भारताने केलेला पहिला गोल ठरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच संघात होता. स्पर्धेनंतर यांतील बहुतेक खेळाडूंना ‘इंडियन अ‍ॅरोज’ या महासंघाच्या संघातून आय-लीगमध्ये उतरवण्यात आले. पहिल्याच हंगामात संघ गुणतालिकेत तळाला राहिला, परंतु अठराव्या वर्षी प्रौढ खेळाडूंशी झुंजण्याचा अनुभव या मुलांना दर आठवड्याला मिळत होता. २०१० मध्ये सुरू झालेला हा उपक्रम यापूर्वी २०१३ मध्ये थांबवण्यात आला होता. २०२२ मध्ये तो दुसऱ्यांदा बंद करण्यात आला.

उझबेकिस्तानने याच्या नेमके उलट केले. २००६ आणि २०१४ च्या विश्वचषकांचे दार या देशासाठी अगदी उंबरठ्यावर बंद झाले होते. २०२१ मध्ये तेथे ताश्कंदचा ‘ऑलिम्पिक’ हा क्लब स्थापन करण्यात आला. ऑलिम्पिक संघाचे तरुण खेळाडू एकत्र राहावेत आणि देशाच्या लीगमध्ये नियमित खेळावेत, हा त्यामागील हेतू होता. २०२३ मध्ये या देशाने २० वर्षांखालील आशियाई विजेतेपद पटकावले, २०२४ मध्ये प्रथमच ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये प्रवेश मिळवला आणि ५ जून २०२५ रोजी वरिष्ठ संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. २०२३ च्या विजेत्या संघातील अब्दुकोदिर खुसानोव जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीकडे गेला. कुमार संघ, ऑलिम्पिक संघ, वरिष्ठ संघ अशी ही शिडी होती, आणि मधली पायरी कोणी काढून घेतली नाही.

भारतात नेमकी हीच पायरी निसटती आहे. क्लबांवर निकालाचे दडपण असते, त्यामुळे आघाडीच्या फळीत परदेशी खेळाडूला पसंती दिली जाते. एकोणीस वर्षांच्या भारतीय आघाडीवीराच्या वाट्याला राखीव बाक येतो. छेत्रीचा वारसदार न सापडण्याचे कारण प्रतिभेच्या अभावापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे. भरीस भर म्हणजे महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराचा तिढा न सुटल्यामुळे २०२५-२६ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम ठरलेल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. त्याची झळ सर्वाधिक बसली ती वयाने लहान खेळाडूंना. बावीस वर्षांच्या खेळाडूसाठी सहा महिने म्हणजे खंड असतो, तर अठरा वर्षांच्या मुलासाठी तेवढ्यात खेळाची घडीच विस्कटू शकते.

ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्स याने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. भारतीय वंशाच्या अशा खेळाडूंमुळे संघाची तातडीची गरज भागू शकेल. त्यात वावगे काही नाही; मात्र ती पुनर्बांधणी नव्हे.

अहमदाबादमध्ये खेळलेली मुले २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत. २०३१ च्या आशियाई चषकाच्या वेळी त्यांतील थोरली मुले बावीस वर्षांची असतील. त्यांना कोणत्या शिबिरात बोलावले जाते, यापेक्षा २०२७ आणि २०२८ या दोन वर्षांत ती प्रत्यक्ष किती मिनिटे मैदानावर असतात आणि कोणाविरुद्ध खेळतात, याचा हिशेब महासंघाला ठेवावा लागेल.