पाणी उतरू लागलं की

गणपती उठले की आमच्या कार्यालयातला फोन एकाच प्रश्नाने वाजू लागतो : थंड हवेत बोटीचा प्रवास करायचा आहे, कुठला महिना चांगला? पुण्याहून अलास्काला जाऊ पाहणारं जोडपं हेच विचारतं, आणि नंदुरबारहून नर्मदेच्या पाण्यावर एक दिवस काढायचा म्हणणारे शिक्षकही हेच विचारतात. आपण सहल आयोजक या प्रश्नाचं उत्तर देताना आधी समोरच्यालाच विचारतो, सुट्टी कधी आहे? सुट्टी कळली की तारीख ठरते, तारीख ठरली की आगाऊ रक्कम येते. गेली अनेक वर्षं मीही असाच धंदा केला. हा क्रम उलटा आहे, असं आता माझं स्पष्ट मत झालं आहे, आणि या अंकात तेच मांडायचं आहे.

परदेशातल्या थंड पाण्यांबाबत आपण निदान चौकशी तरी करतो. अलास्कात बोटी साधारण एप्रिलअखेर सुरू होतात आणि ऑक्टोबरात थांबतात. जुनोच्या किनाऱ्यावर मे हा त्यातल्या त्यात कोरडा महिना, तर सप्टेंबर-ऑक्टोबर पावसाचे. देवमासे पाहायचे तर जून ते ऑगस्ट. नॉर्वेत फियॉर्डचे धबधबे मे-जूनमध्ये भरून वाहतात, कारण तेव्हा वरचं बर्फ वितळतं. नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही, पण ज्याला उत्तरप्रकाश पाहायचा आहे त्याने त्या दिवसांत तिकडे जाऊन काय करायचं? त्याला अंधार हवा, म्हणजे सप्टेंबरअखेरनंतरच. अंटार्क्टिकाला नोव्हेंबर ते मार्च एवढीच वाट उघडी असते. डिसेंबर-जानेवारीत पेंग्विनची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात आणि फेब्रुवारीनंतर देवमासे जास्त दिसतात. एकच ठिकाण, पण महिन्यागणिक वेगळा प्रवास. हे आपल्याला पाठ आहे, कारण तिकडच्या बोटवाल्यांनी ते छापून दिलेलं असतं.

घरच्या पाण्याचं असं वेळापत्रक कोणी छापून दिलेलं नाही. ते आपल्यालाच मांडावं लागणार आहे, आणि त्यासाठी अक्कलकुव्याहून चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

अक्कलकुवा हा नंदुरबार जिल्ह्यातला तालुका, आणि राज्य विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक १. नर्मदा महाराष्ट्रात जेमतेम ५४ किलोमीटर वाहते, तीही सीमा आखत. अलीकडचा दक्षिण काठ आपला, पलीकडे मध्य प्रदेश आणि पुढे गुजरात. सरदार सरोवराचा फुगवटा या सगळ्या लांबीभर पसरलेला आहे. राज्यातली ३३ गावं या पाण्याने बाधित झाली. त्यांतली ९ अक्कलकुवा तालुक्यातली, २४ अक्राणीतली. मणिबेली, चिमलखेडी, बामणी, डनेल, मुखडी ही नावं निवडणूक आली की वर्तमानपत्रात येतात, कारण मतदानाची पथकं तिथे बोटीने जातात. तरंगता दवाखानाही याच पाण्यावरून पाड्यापाड्याला फिरतो. म्हणजे आपण ज्याला जलपर्यटन म्हणतो, ते इथल्या माणसांचं रोजचं येणंजाणं आहे. बोटीत बसण्यापूर्वी पर्यटकाला एवढं तरी सांगितलंच पाहिजे की, आपण ज्या पाण्यावरून जातो आहोत त्याच्या तळाशी शेतं आहेत, घरांची जोती आहेत, आणि मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही आहे.

आता हंगामाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी बावीस जणांचा ग्रुप या काठावर नेला होता. शाळांच्या परीक्षा संपल्या होत्या, तारीख सगळ्यांना सोयीची होती. देवगोई घाट चढून मोलगीला पोचलो तोवर अंगाची लाही झाली होती. खाली काठावर उतरलो तर पाणी दिसत होतं, बोटही दिसत होती, पण मध्ये शंभरेक पावलांचा गाळ. वरून सुकून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. सत्तरीच्या एका मावशींनी पाय टाकला आणि त्या मांडीपर्यंत आत गेल्या. दोन पोरांनी बांबू आडवे टाकून त्यांना बाहेर काढलं. त्यांची चप्पल आतच राहिली. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त हात घट्ट धरून राहिल्या. त्या हाताची थरथर मला अजून आठवते. चूक ना पाण्याची होती, ना नावाड्याची. मी तारीख शाळेच्या वेळापत्रकावरून काढली होती.

धरणाचं पाणी वर्षभर एका जागी उभं राहत नाही, ही साधी गोष्ट आपण विसरतो. या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पावसाळ्यात पाणी चढत जातं आणि चांगल्या वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला काठोकाठ येतं. २०१९ साली ते पहिल्यांदा या पातळीला टेकलं. पुढे कालव्यांना आणि वीजनिर्मितीला पाणी सुटत राहतं, आणि हिवाळ्यापासून पातळी हळूहळू उतरते. उतरलेल्या प्रत्येक हाताबरोबर काठावर गाळाचा एक पट्टा उघडा पडतो. उन्हाळ्यापर्यंत तो इतका रुंद होतो की, नोव्हेंबरात जिथे बोट थेट झाडाला बांधता येते, तिथे मेमध्ये माणूस उतरूच शकत नाही. शिवाय बुडालेल्या टेकड्यांचे माथे आणि झाडांची खोडं पाण्याच्या अगदी जवळ येतात. काठोकाठ पाण्यात ज्या वाटेने बोट बिनधास्त जाते, तीच वाट फेब्रुवारीनंतर बघून-बघून काढावी लागते.

ते बघायचं कसं, हे मला एका नावाड्याने दाखवलं. डिसेंबरातली सकाळ होती, साडेसातचा सुमार. तो बोटीकडे गेलाच नाही. आधी काठावर उकिडवा बसला आणि खडकावरची ओली पट्टी बघू लागला. आदल्या संध्याकाळी पाणी कुठवर होतं, याची खूण रात्रभरात गडद ओल्या रेघेसारखी उरते. त्याने रेघेपासून पाण्यापर्यंत बोटं लावली. चार बोटं. ‘काल दोन होती,’ तो म्हणाला. मग उठून त्याने बोट बांधायची जागा बदलली, फळी लांब घेतली, आणि परतीची वेळ एक तासाने अलीकडे आणली. धरणातून पाणी जास्त सुटतं आहे, हे त्याला कुठल्याही कार्यालयातून कळलेलं नव्हतं. मला वाटतं, या व्यवसायात ज्याला हवामान म्हणतात त्याचा निम्मा भाग त्या चार बोटांत होता.

उरलेला निम्मा थंडीचा. सातपुड्याची थंडी ही आपल्याकडे विकायच्या यादीत कधी आलीच नाही. तोरणमाळचं नाव तरी लोकांना ठाऊक आहे. डाब आणि वालंबा ही अक्कलकुव्याच्या माथ्यावरची गावं मात्र फक्त थंडीच्या बातमीत येतात. डिसेंबर-जानेवारीत तिथे गवतावरचं दहिवर गोठून पहाटे पांढरं दिसतं. डाब हे इथल्या आदिवासींच्या देवांचं मूळ ठाणं, त्यामुळे तिकडे जाताना कॅमेऱ्याआधी परवानगी विचारायची. रात्री डाबच्या बाजूला मुक्काम आणि सकाळी खाली नर्मदेवर, असा दीड दिवसाचा प्रवास मी तीन हिवाळे करून पाहिला आहे. वर कडाक्याचा गारठा, खाली पाण्याची ऊब, आणि दोन्हींच्या मध्ये दरी भरून बसलेलं धुकं. हे धुकं फार सुंदर असतं आणि फार फसवं. पहाटेच्या फोटोच्या हट्टापायी धुक्यात बोट सोडू नये. समोरचा बार्ज वीस हातांवर येईपर्यंत दिसत नाही. नऊ-साडेनऊला ऊन खाली उतरलं की दरी मोकळी होते, तेव्हा निघावं, आणि दुपारनंतर वारा उठायच्या आत परत यावं. म्हणजे हाती चार-पाच तासच येतात. ते पुरेसे आहेत. त्यात संध्याकाळची फेरी घुसवू नये.

तर माझ्या हिशेबाने नर्मदेवरच्या थंडीच्या प्रवासाचा खरा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. पाणी भरपूर, काठ स्वच्छ, डोंगर अजून थोडे हिरवे. दिवाळीचा आठवडा मी यातून वगळतो. पलीकडे गुजरातेत केवडियाला त्या दिवसांत प्रचंड गर्दी असते, आणि गाड्या, खोल्या, चालक सगळं तिकडे ओढलं जातं. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. देवगोई घाटातले धबधबे बघायला लोक येतात, जरूर यावं, पण तेव्हा खाली पाण्यावर जाण्यात अर्थ नाही.

आणि संक्रांत. हे लिहिताना हात जड होतो. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, शेजारच्या अक्राणी तालुक्यात भूषाजवळ भाविकांनी भरलेली नाव नर्मदेत उलटली. नावेत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती, आणि बुडालेल्यांत लहान मुलंही होती. हवा त्या दिवसांत उत्तम असते, पाणी शांत असतं, थंडी सुखावणारी असते. आपल्या तक्त्यात तो दिवस ‘सर्वोत्तम’ या रकान्यात बसला असता. म्हणूनच मी सांगतो की, चांगला महिना निवडला म्हणजे चांगला दिवस निवडला असं होत नाही. पर्वाच्या दिवशी काठावर स्नानाला गर्दी लोटते, तेव्हा बोट मागायची ती आपल्या ग्रुपसाठी नव्हे. त्या दिवशी पाणी भाविकांचं आहे. आपण आधी किंवा नंतर जावं.

दिवसाइतकीच बोटही तपासून निवडावी लागते. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला, हे आपल्यातल्या अनेकांना अजून माहीत नाही. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा या त्यातल्या मूळ अपेक्षा आहेत. आपण बोट स्वतः चालवत नाही म्हणून आपली जबाबदारी नाही, हा समज सोडून द्या. मी कागद बघितल्याशिवाय माणसं बसवत नाही, आणि जॅकेट मोजल्याशिवाय दोर सोडू देत नाही. मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी मोजतो. एकदा एकवीस माणसं आणि एकोणीस जॅकेटं निघाली. आम्ही दोन फेऱ्या केल्या, जेवण दीड तास उशिरा झालं, आणि दोन कुटुंबं नाराज होऊन गेली. त्यांची नाराजी मी आनंदाने सोसली.

आता जो भाग आपल्या माहितीपत्रकांत कधीच नसतो, त्याबद्दल. काठावरच्या गावांचंही एक वर्ष असतं. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं गुजरातेत उसतोडीला जातात आणि होळीला परततात. म्हणजे पर्यटकासाठी जो उत्तम हंगाम, नेमका त्याच वेळी गाव अर्धं रिकामं असतं. ज्या तरुणाला खडक, खोड, गाळ सगळं ठाऊक आहे, तो त्या वेळी फडात कोयता चालवत असतो, आणि आपल्याला मिळतो तो नवखा. याचा अर्थ मी असा लावला आहे : बोटीची बोलणी दिवाळीनंतर करायची नाहीत, दसऱ्याच्या सुमारास करायची. हंगामभराचं काम आधी कबूल करायचं, थोडी रक्कम हातात द्यायची, म्हणजे ज्याला थांबायचं आहे तो थांबू शकेल. ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल एकदा घेतली की माणूस बांधला जातो. आपण उशिरा पोचलो, तर त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

माघात महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला याहामोगी मातेची यात्रा, मग काठीची राजवाडी होळी, तिच्याआधी भोंगऱ्याचे बाजार. या दिवसांत गावं भरलेली असतात, मनंही. पण तोवर पाणी बरंच उतरलेलं असतं. होळीला येणाऱ्यांना मी बोटीत बसवत नाही. त्यांना मोलगीच्या बाजारात भगर घ्यायला पाठवतो आणि रात्री ढोलाला. एका सहलीत दोन्ही कोंबण्याचा मोह होतो, कारण पॅकेज भरगच्च दिसतं. तसं केलं की दोन्ही अर्धवट राहतात.

नर्मदा परिक्रमावासींबद्दल एक सूचना. कार्तिकी एकादशीनंतर ते या डोंगरवाटांनी चालत येऊ लागतात. थकलेले असतात, आणि काही आयोजक सद्भावनेनेच त्यांना बोटीत बसा म्हणतात. कृपया म्हणू नका. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, हा त्यांचा नेम आहे. ओलांडणं होतं ते थेट समुद्राशी, विमलेश्वराहून मिठी तलाईला, आणि तिथली नावसुद्धा भरतीची वाट पाहत थांबते. कितीही घाई असो, भरती आल्याशिवाय ती निघत नाही, आणि तिथे बसलेला एकही माणूस नावाड्याशी भांडत नाही. आपल्या ग्राहकांना पाण्यासाठी असं थांबणं समजावणं अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. मी आमच्या माहितीपत्रकावर तारखेच्या जागी आता तीन पर्यायी तारखा छापतो, आणि खाली लिहितो की यांतली नक्की कोणती ते पाणी बघून चार दिवस आधी कळवू. पहिल्या वर्षी निम्मं बुकिंग गेलं. गेल्या वर्षी त्यातले बरेच जण परत आले, आणि सोबत त्यांचे शेजारीही.

काठावर मोबाइलला रेंज नसते. आमचा नावाडी मोलगीच्या बाजाराला चढून आला की फोन करतो. हा अंक छपाईला जात असताना त्याचा फोन आला. पाणी अजून काठोकाठ आहे, खडकावर पट्टी उमटलेली नाही, म्हणाला, आठ-दहा दिवस थांबा. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, पाड्यावरच्या चार पोरांकडे मुकादम दोनदा येऊन गेला, परवा ट्रक निघतो आहे, त्यांना थांबवायचं का ते आजच सांगा. मी चौघांनाही थांबायला सांगितलं आहे.