दुष्काळाची खबर कोणाच्या पैशाने?

अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली, तेव्हा बंदरांत अडकलेल्या धान्याची बरीच चर्चा झाली. त्याच सुमारास ‘फ्यूज नेट’चे संकेतस्थळ बंद पडले, त्याची मात्र फारशी झाली नाही. इथिओपियातील भीषण दुष्काळानंतर १९८५ मध्ये अमेरिकेने उभी केलेली ही पूर्वसूचना यंत्रणा. पाऊस, पिके, धान्याचे आणि शेळ्यामेंढ्यांचे भाव, मजुरीचे दर हे सारे एकत्र वाचून पुढे उपासमार कुठे येणार ते ती सांगते. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले. पण चाळीस वर्षांची यंत्रणा एका देशाच्या एका आदेशाने थांबू शकते, हे तेव्हा दिसले.

आकडे असून तरी काय होते, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. सोमालियाबाबत इशारे २०१० पासूनच येत होते. दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला २० जुलै २०११ रोजी. त्या संकटात सुमारे दोन लाख ५८ हजार माणसे गेली, त्यांत निम्मी पाच वर्षांखालची मुले. मात्र २०१७ मध्ये त्याच देशात इशारा मिळताच मदत वाढवली गेली आणि दुष्काळ टळला. दोन्ही वेळा खबर होती. फरक ऐकणाऱ्यांत होता, आणि तो आपल्याला कळतो तोही या नोंदींमुळेच.

देणगीदारांची गंमत अशी, की धान्याच्या पोत्यावर नाव छापता येते, नोंदवहीवर येत नाही. फार तर नव्या डॅशबोर्डला दोन-तीन वर्षांचा निधी मिळतो. सोमालियातील बैदोआच्या बाजारात जाऊन नियमित ज्वारीचा भाव विचारणाऱ्या माणसाचा पगार कोणत्याच प्रकल्पात बसत नाही. तो थांबला की डॅशबोर्डवर उरतात जुने आकडे.

एकाच देशाच्या थैलीवर चालण्याचा दुसरा धोका अधिक गंभीर. डिसेंबर २०२४ मध्ये ‘फ्यूज नेट’ने उत्तर गाझातील दुष्काळाचा इशारा दिला. तिथे नेमकी किती माणसे उरली आहेत, यावरून इस्रायलमधील अमेरिकी राजदूत जॅक ल्यू यांनी जाहीर टीका केली आणि अहवाल मागे घेतला गेला. लोकसंख्येचा अंदाज चुकला असेलही. तो विश्लेषकांनी दुरुस्त करावा. पैसे देणाऱ्या सरकारच्या सांगण्यावरून अहवालच नाहीसा झाला, तर पुढच्या इशाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

दुष्काळाची खबर देणारा सरकारच्या पैशावर नसावा, हे आपल्याकडे फार पूर्वी उमगले होते. १८७६-७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत स्वतः गोळा केली आणि दुष्काळी कामांवरील मजुरी पोटाला पुरत नाही, हे सरकारला सुनावले. सभा सरकारी पैशावर चालत नव्हती, म्हणून हे जमले.

म्हणून अशा यंत्रणेला निधी अनेक देशांनी मिळून द्यावा, निदान दहा वर्षांच्या बोलीने द्यावा आणि प्रसिद्धीपूर्वी अहवाल पाहण्याचा हक्क कोणत्याही देणगीदाराला नसावा. भारतानेही त्यात वाटा उचलावा. मदत पाठवणारा देश म्हणून मिरवायचे तर एवढे करायलाच हवे. आणि वाचकहो, तुम्ही दुष्काळात किंवा पुरात एखाद्या संस्थेला पैसे देत असाल, तर किती पाकिटे वाटली एवढेच विचारू नका. कोणाला मिळाले, कोण राहिले याची नोंद कोण ठेवते आणि त्याचा पगार कुठून येतो, हेही विचारा.