कुंपणाच्या बाजूने

प्राणी वाचवायचा तर त्याच्या मुलखात वाचवा, कोंडलेला जीव म्हणजे संवर्धन नव्हे, असा आक्षेप वाळवंटी प्राणी-उद्यानांवर घेतला जातो. ऐकायला तो निर्मळ वाटतो. अरबी ऑरिक्सच्या इतिहासापुढे मात्र टिकत नाही. ओमानमध्ये १९७२ साली या प्राण्याचा शेवटचा मोकळा कळप शिकाऱ्यांनी संपवला. वाळवंट जागच्या जागी होते, त्यात राखायला ऑरिक्सच उरला नव्हता. जात टिकली ती अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ पासून वाढवलेल्या कळपामुळे. त्याच्या वंशजांपैकी काही १९८२ साली ओमानच्या जिद्दत अल-हरासिस पठारावर मोकळे सोडले गेले. पण कुंपणाच्या कैवाऱ्यांनी एवढ्यावर हुरळून जाऊ नये. पुढे चोरट्या शिकारीने ४५० ऑरिक्सचे ६५ झाले, ओमान सरकारने त्यांच्यासाठीच्या अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले आणि २००७ साली ते अभयारण्य जागतिक वारसा यादीतून वगळले गेले. पैदास साधली, राखण साधली नाही; आणि राखण साधायची तर लोकांना आपल्या भूमीचे मोल कळावे लागते.

म्हणूनच ‘लोकशिक्षण हे तिकीटविक्रीचे गोंडस नाव’ हा दुसरा आक्षेप मला अधिक घातक वाटतो. काही ठिकाणी तो खराही आहे. रणरणत्या उन्हाच्या गावी ध्रुवीय अस्वल ठेवून कोणी काय शिकणार? पण त्याच ॲरिझोनातले, टूसॉनजवळचे १९५२ पासूनचे डेझर्ट म्युझियम पाहा. नाव संग्रहालयाचे असले तरी बराचसा कारभार उघड्यावर आहे, आणि भर आहे तो आसपासच्या सोनोरा वाळवंटातल्याच प्राण्यांवर नि झाडांवर. ओसाड समजलेली आपली भूमी किती भरलेली आहे, हे तिथल्या माणसाला कळावे म्हणून ही निवड. तिचा उपयोग बफेल गवतासारख्या प्रकरणात कळतो. आपल्याकडे चाऱ्यासाठी मुद्दाम पेरतात ते अंजन गवत हेच. गुरांसाठीच ते तिकडे नेले गेले आणि डोंगरउतारांवर पसरले. एरवी सोनोरात झुडपांमधल्या उघड्या जमिनीमुळे आग फार पसरत नाही. हे गवत वाळले की नेमकी तीच मोकळी जागा पेटते. सग्वारो निवडुंगाला पहिला हात फुटायलाच अनेकदा पन्नासहून अधिक वर्षे लागतात, आणि आग सोसण्याची सवय त्याला नाही. न शिकलेल्या डोळ्याला मात्र हा वणव्याचा सरपण-साठा नुसती हिरवळ वाटते, आणि हिरवळीविरुद्ध कोण तक्रार करणार? ते गवत मुळासकट उपटायला टूसॉनचे स्वयंसेवक डोंगर चढतात. संग्रहालयातली पाटी वाचून सगळेच चढत नाहीत, हे मान्य. पण आपण काय उपटतो आहोत, हे आधी कोणीतरी त्यांना दाखवावेच लागते.