माणशी किती मोटारी?

विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले छोटे स्टेशन. येथून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात डबा घेऊन कारखाना गाठणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. साठी उलटलेल्या माणसाशी इथे 'प्रीमिअर'चे नाव काढले, की त्याला दोन जागा आठवतात. एक कुर्ल्याचा मोटार कारखाना आणि दुसरा डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावरचा. दोन्ही ठिकाणी आज मोटारींऐवजी इमारती उभ्या आहेत. हे कारखाने का गेले, असे विचारले की दोनच उत्तरे मिळतात. "कामगारांनी बुडवले" हे एक आणि "मालकाचा डोळा जमिनीवर होता" हे दुसरे. कुणाच्या तरी घरची चूल विझली, त्याचा दोष कुणाचा, हा प्रश्न इतक्या झटपट निकालात काढावा का?

पहिल्या उत्तराच्या पाठीशी नेहमी एक आकडा असतो. वर्षाला माणशी किती मोटारी निघाल्या? 'मारुती'च्या मानाने 'प्रीमिअर'चा हा आकडा अगदीच तोकडा दिसे. पण त्याचा अर्थ लावताना जपून राहायला हवे.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. एका घरात गहू निवडून, दळून आणून, कणीक मळून पोळ्या होतात. दुसऱ्या घरात पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या येतात आणि ताटात वाढल्या जातात. आता दोन्ही गृहिणींनी तासाला किती पाने वाढली, हे मोजून पहिलीला आळशी ठरवायचे काय? मोटार कारखान्यांचेही असेच असते. सुटे भाग बाहेरून आणून फक्त जुळणी करणाऱ्या कारखान्यात माणशी मोटारी जास्त भरणारच, कारण ते भाग घडवणारे हात दुसऱ्याच्या हजेरीपटावर असतात.

वालचंद हिराचंद यांनी 'प्रीमिअर'ची स्थापना 1944 मध्ये केली. पुढे फियाटच्या परवान्याखाली कुर्ल्यात जी गाडी बनू लागली, तीच 1970च्या दशकात 'पद्मिनी' झाली. तो परवाना राज्याचा काळ होता. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. पुरवठादारांचे जाळे विरळ, त्यामुळे पुष्कळ काम आपल्याच छपराखाली करावे लागे. शिवाय माल खपण्याची खात्री असल्यावर नवे यंत्र, नवे मॉडेल यांची निकड कुणाला? जुन्या आराखड्याच्या गाडीला हातकाम जास्त लागते, ही गोष्ट कामगाराच्या हातात नव्हती.

14 डिसेंबर 1983 रोजी गुरगावहून पहिली मारुती बाहेर पडली. मागे सुझुकीचे तंत्र होते, आराखडा नवा होता आणि आजूबाजूला सुट्या भागांचे पुरवठादार मुद्दाम उभे केले गेले. साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, कँटीनही एकच. ही तुलना दोन कामगारांची नव्हती, दोन काळांची होती.

कामगार आणि व्यवस्थापन यांपैकी कोणाचा वाटा किती, हे ताडून पाहण्याची संधी एकदा अमेरिकेत मिळाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट येथील जनरल मोटर्सचा कारखाना संप आणि गैरहजेरी यांसाठी बदनाम होता. तो 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच होते आणि संघटनाही तीच. फक्त कारभार टोयोटाच्या पद्धतीचा. दोष दिसला तर दोरी ओढून जुळणी थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. एमआयटीच्या संशोधकांनी पुढे मोजमाप केले. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका मोटारीच्या जुळणीला 31 तास लागत, जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात 16, तर फ्रीमॉन्टमध्ये 19. हे हिशेब करताना सर्वत्र ठराविक कामेच धरली होती, म्हणजे पोळी-भाजी केंद्राचा घोळ टाळला होता. कालपर्यंत 'नाठाळ' म्हटलेली माणसेच हे करून दाखवत होती.

म्हणून कुर्ल्यात किंवा कल्याणात कामगारांकडून चुका झाल्याच नाहीत, असे नव्हे. डॉ. दत्ता सामंत यांच्या काळातल्या पगारवाढीच्या लढ्यांनी अनेक घरे सावरली, तसे लांबलेले तंटे कारखान्यांना महागही पडले. 1990च्या दशकात प्यूजोबरोबर काढलेला कल्याणचा प्रकल्प कामगार तंट्यात आणि भागीदारांच्या बेबनावात काही वर्षांतच आटोपला. पण भागीदार निवडणे, भांडवल घालणे, मॉडेल ठरवणे ही कामे कामगाराच्या पाळीत येत नाहीत.

आणखी एक कडू गोष्ट. काम चोख झाले म्हणजे कारखाना टिकतोच असेही नाही. 2009 मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, भागीदारीतून बाहेर पडली आणि 2010 मध्ये फ्रीमॉन्टचा तो नावाजलेला कारखानाही बंद झाला. आपल्या तळेगावात 2008 मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा नवाकोरा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये थांबला. कंपनीने भारतातली विक्री 2017 अखेरच बंद केली होती. गाडी खपली नाही, तर हात कितीही चपळ असून काय उपयोग? नफा ठरतो तो खपावर, किमतीवर आणि घातलेल्या भांडवलावर. मजुरी हा त्यातला एक भाग.

उलट, आकडा उत्तम आणि नफाही भरघोस असताना आत काय धुमसत असते, ते मारुतीच्या मानेसर कारखान्यात दिसले. 18 जुलै 2012 रोजी तिथे हिंसाचार झाला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा जीव गेला, नंतर शेकडो कामगारांची नोकरी गेली. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. पण मिनिटाच्या आत एक गाडी पुढे सरकवणारा तो पट्टा आणि त्याच पट्ट्यावर कमी पगारात राबणारे कंत्राटी कामगार, हा विषय त्याआधी वर्षभर धगधगत होता.

आज विठ्ठलवाडी-अंबरनाथची मुले आयटीआय करून चाकणला जातात. त्यांच्या कारखान्याची कार्यक्षमता वाढली अशी बातमी आली, की घरच्यांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. या हिशेबात कंत्राटी हात धरले आहेत का? सुटे भाग कोण घडवतो आणि त्याला काय मिळते? वाढलेल्या नफ्यातून नवे मॉडेल आणि नवी यंत्रे येत आहेत का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर वेळीच सावध झालेले बरे. कुर्ल्यातही गाड्या खपत होत्या, तेव्हाच हा प्रश्न विचारायला हवा होता.